लाल पेन्सिलीतली मशीन

उमरीची ती मशीन दहा महिने झाले, रोज चालते आहे, म्हणून हे लिहायला बसले. ती बंद पडली असती तर या अंकासाठी मी दुसरा विषय शोधला असता. खरं सांगायचं तर काहीच लिहिलं नसतं.

मी लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. आम्ही डाळमिलला लागणारी यंत्रं बनवतो. तूर-हरभरा चाळणारी, सोलणारी, वर चढवणारी. माझं घर नांदेडला. शाळा इंग्रजी माध्यमाची, इंजिनिअरिंग विष्णुपुरीला. सहा वर्षं झाली, सोमवारी सकाळी नांदेडहून निघून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं आणि शनिवारी तीच गावं उलटी मोजत घरी यायचं. नातेवाईक विचारतात, काम काय? मी म्हणते, कंप्युटरवर. पुढचं मावशी स्वतःच ठरवते, बँकेत असशील. मी नाही म्हणायच्या आत विषय बदललेला असतो आणि मला तेच बरं वाटतं.

तर काम असं. यंत्राचा प्रत्येक सुटा भाग मी आधी कंप्युटरवर उभा करते. पत्रा किती जाड, भोक कुठे, कोपरा किती गोल. मग ते भाग एकमेकांत बसवून अख्खं यंत्र पडद्यावर फिरवून बघता येतं. त्यावरून कागदावरची ड्रॉइंग निघतात आणि ती शेडमध्ये जातात. तिथे त्यांच्याकडे बघून पत्रा कापतात, वाकवतात, जोडतात. हा कामाचा दिसणारा अर्धा भाग. न दिसणारा अर्धा भाग म्हणजे या सगळ्या फायली सांभाळणं, आणि मला खरं तर तोच जास्त आवडतो. त्यात कुणाशी फार बोलावं लागत नाही.

मी आले तेव्हा ऑफिसात तीन कंप्युटर होते आणि तिन्हींत ग्रेडरच्या, म्हणजे डाळ चाळून वेगळी करणाऱ्या मशीनच्या फायली होत्या. एकीचं नाव ‘ग्रेडर फायनल’. दुसरीचं ‘ग्रेडर फायनल नवीन’. तिसरी ‘ग्रेडर फायनल अप्पा’. चौथीचं नाव होतं ‘हीच वापरा’, आणि तिच्यावरची तारीख सगळ्यांत जुनी होती. माझ्या आधीचा ड्राफ्ट्समन पुण्याला निघून गेला होता. त्याला फोन करून विचारलं तर त्यालाही आठवेना. बाकी यंत्रं गिऱ्हाइकांच्या गावांवरून ओळखली जायची. उदगीर, देगलूर, निलंगा. देगलूरचा शाफ्ट निलंग्याच्या मशीनला चालतो का, हे कारखान्यात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस ऑफिसात येत नसे.

गिऱ्हाइकंही एकेक. देगलूरकडच्या एका शेठने आपल्या शेडचं माप सुतळीला गाठी मारून बसच्या कंडक्टरबरोबर पाठवलं होतं. मी ती सुतळी टेबलावर ताणून फुटपट्टीने मोजली आणि मनात हसले. यंत्र तिथे बरोब्बर बसलं. तेव्हापासून मी कुणाच्या मोजमापाला हसत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

ऑफिसात न येणारा तो माणूस म्हणजे रशीदचाचा, आमचे फोरमन. लातूरचेच, घराणं पहिल्यापासून लोखंडाच्या कामात. कानावर लाल पेन्सिल, पायात टाचा झिजलेले सेफ्टी शूज, आणि बोलणं सगळं सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरहून किंचित जास्त. माझी ड्रॉइंग मिलीमीटरमध्ये. पहिल्याच आठवड्यात एक कागद हातात धरून त्यांनी मला शेडमध्ये थांबवलं.

“मॅडम, ह्ये साडेबारा म्हंजे किती?”

मी म्हटलं, साडेबारा म्हणजे साडेबारा.

“चार सूत म्हना की. इतकं काय अवघड हाय.”

आजूबाजूचे वेल्डर हसले. मी त्यानंतर कित्येक दिवस शेडमध्ये जाताना मागच्या दाराने जायची.

दीड वर्षापूर्वी अप्पांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली. उदगीरला गेलेल्या एका एलिव्हेटरचं, म्हणजे धान्य वर चढवणाऱ्या यंत्राचं, वरचं डोकं एका फायलीवरून बनलं होतं आणि खालचं दुसऱ्या. जोडताना दोन्हींची भोकं समोरासमोर येईनात. अप्पा तिथून आले ते चपला न काढता ऑफिसात शिरले आणि मला विचारलं, एका मशीनच्या चार-चार फायनल कशा काय असत्यात? यावर एक उपाय मी आधीच वाचून ठेवला होता.

नव्या आवृत्तीत फायली ठेवायची एक तिजोरी आहे. प्रत्येक भागाची एकच फाइल आणि तिची एकच जागा. बदल करायचा तर ती आपल्या नावावर बाहेर काढायची. तोवर बाकीच्यांना तिच्यावर कुलूप दिसतं. काम झालं की परत ठेवायची, आणि ठेवताना बदलाचं कारण लिहायचं. कारणाचा रकाना रिकामा सोडला तर फाइल आत जातच नाही. जुनी आवृत्ती पुसली जात नाही, नवीच्या मागे राहते. दोन आवृत्त्या एकमेकींवर ठेवल्या की जे गेलं ते लाल दिसतं आणि जे आलं ते हिरवं. मला सगळ्यांत आवडलेली सोय वेगळीच होती. एखाद्या बेअरिंगच्या घरावर क्लिक केलं की ते आणखी कोणकोणत्या मशीनमध्ये वापरलं आहे याची यादी समोर येते. म्हणजे उदगीरसाठी एक भोक हलवलं आणि निलंग्याची मशीन नकळत बिघडली, असं होत नाही.

चार महिने मी हेच करत होते. तिन्ही कंप्युटर पालथे घातले, एकसारख्या फायली शेजारी ठेवून तपासल्या, त्यातली एक ठेवली, बाकीच्या बाजूला काढल्या. गावांची नावं जाऊन प्रत्येक भागाला नंबर आले. शेवटची फाइल आत गेली त्या दुपारी मी कुणाला काही न सांगता रस्त्यावर जाऊन एकटीने दोन ग्लास उसाचा रस प्यायले.

मग मी एक नियम काढला. शेडमध्ये फक्त तिजोरीतून निघालेलं, नंबर आणि तारीख असलेलं ड्रॉइंग चालेल. जुन्या प्रिंटा सगळ्या काढून टाकायच्या. आणि नव्या कागदावर कुणी हाताने काही लिहायचं नाही. अप्पांनी त्यावर सही केली आणि मी तो कागद शेडच्या खांबाला चिकटवला.

दोन दिवसांनी रशीदचाचा पहिल्यांदाच ऑफिसच्या दारात आले. काखेत जुन्या प्रिंटांची ही एवढी गुंडाळी.

“मॅडम, ह्ये कागद रद्दीच हायत न्हवं? घरी न्यायलोय. कामाला येतेत.”

मी स्क्रीनवरून नजर न काढता हो म्हटलं. ते दारात गरजेपेक्षा थोडं जास्त थांबले. ते मला दिसलं होतं. अशा गोष्टी मला दिसतात. पुढे होऊन विचारणं तेवढं जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात उमरीच्या एका शेतकरी गटाचं काम आलं. गटाचे पुढारी गंगाधरराव, बोलायला कमी आणि ऐकायला पक्के. त्यांनी छोटी डाळमिल घालायची ठरवली होती. गटातल्या घरांनी यंदाची तूर बाजारात न नेता मिलसाठी ठेवायची, असं आपसात ठरलं होतं. शेड तयार होतं, बाकीची यंत्रं बसली होती, राहिला होता फक्त आमचा ग्रेडर. तो वेळेवर आला नाही तर तूर घरात पडून राहणार, आणि गंगाधररावांच्या शब्दावर थांबलेली माणसं उद्या थांबणार नाहीत, हे त्यांनी एकदाच आणि आवाज न चढवता सांगितलं होतं.

आमच्याकडे तिजोरीतल्या ड्रॉइंगवरून पहिल्या टाक्यापासून शेवटच्या नटापर्यंत बनणारी ही पहिली मशीन. मला तिची काळजी नव्हती. उलट ती कधी एकदा सुरू होते असं झालं होतं.

ग्रेडर म्हणजे उतरती चाळणी. चार पट्ट्यांवर झोक्यासारखी टांगलेली असते आणि मोटर तिला मागेपुढे हलवते. एवढं धूड वेगाने मागेपुढे जायला लागलं की खालचा सांगाडाही त्याच्याबरोबर जायला बघतो. त्याला जागेवर धरायला पुलीवर उलट्या अंगाने एक लोखंडी तुकडा बसवतात. आमच्याकडे त्याला नुसतं वजन म्हणतात. वजन बरोबर असेल तर सांगाडा गप उभा राहतो.

ट्रक यायला आठ दिवस असताना ट्रायल घेतली. रिकामी मशीन छान चालली. मग दोन पोती तूर ओतली. सांगाडा आधी थरथरला, मग सरकायला लागला. एका पायाचा नट फिरत फिरत वर येताना मी डोळ्यांनी पाहिला. तो पडायच्या आत चाचांनी बटण दाबलं. मशीन थांबली तरी चाळणीवरची तूर थोडा वेळ हलत होती.

मी चाचांना विचारलं, असं कसं झालं?

“ड्रॉइंगपरमानं केलंय. अर्ध सूत इकडंतिकडं न्हाई. मोजून घ्या.”

मी खरंच मोजलं. सगळ्यांसमोर, टेप घेऊन, एकेक भोक. सगळं ड्रॉइंगप्रमाणे होतं. मग आधीच्या मशीन कशा चालत होत्या, असं मी म्हटलं. चाचांनी माझ्याकडे न बघता हात पुसले.

“त्या लाल पेन्सिलीनं चालायच्या मॅडम.”

मग हळूहळू कळलं. इतकी वर्षं प्रत्येक ट्रायलला जे जे चुकायचं ते चाचा दुरुस्त करायचे आणि खिळ्याला लटकवलेल्या त्या प्रिंटवर लाल पेन्सिलीने लिहायचे. भोक एक सूत खाली. पट्टी दोन सूत लांब. पुढची मशीन त्याच प्रिंटवरून व्हायची. ते वरच्या ऑफिसात जाऊन सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही आणि खाली येऊन बघावं असं ड्राफ्ट्समनला वाटलं नाही. कंप्युटरमधली एकही फायनल कधी फायनल नव्हती. फायनल शेडमध्ये खिळ्याला होती, आणि ती मी घालवली होती.

तुम्हाला आकडे आठवत असतील ना, मी विचारलं. मला वाटत होतं, एवढ्या वर्षांचा माणूस, याला सगळं पाठ असणार.

“कागदावर लिवलं म्हनून डोक्यातनं काढलं. कागद हाय म्हनल्यावर ध्यानात कशाला ठिवू?”

मीही सगळं तिजोरीत ठेवलं होतं ते याचसाठी. मी एवढंच म्हटलं की तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत.

“इचारलं हुतं की. रद्दीच हाय न्हवं म्हनून.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडा असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी अप्पा आले. सैल झालेले पाय बघितले, तूर मुठीत घेऊन परत टाकली, आणि चाचांवरच सुरू झाले. इतकी वर्षं मशिनीत घातली अन् तुम्हाला वजन कळंना व्हय, जुन्या प्रिंटा कुठं गेल्या, कुणाला विचारून नेल्या. चाचा म्हणाले, मीच नेल्या घरी. एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

मला ते वाक्य माहीत होतं. ते मी बोलले नाही तर इथे कुणीच बोलणार नव्हतं, आणि उद्यापासून सगळं जिथल्या तिथे चालू राहिलं असतं. मला शेडमध्ये सगळ्यांसमोर बोलायची सवय नाही. माझा आवाज लहान येतो आणि लोक पुन्हा विचारतात.

“त्यांनी मला विचारून नेल्या,” मी म्हटलं. “काढून टाका असं मीच सांगितलं होतं. न बघता.”

अप्पांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी खांबावरचा माझा नियम वाचल्यासारखं केलं, त्याच्याखाली त्यांचीही सही होती.

“आठ दिवस हायत. उमरीला मी काय सांगू त्ये तुम्ही दोघं मिळून ठरवा,” म्हणाले आणि गेले.

प्रिंटा कुठे आहेत ते मी आता नीट विचारलं. चाचा थोडे संकोचले. त्यांच्या घरी शमीमचाची शिवणकाम करतात. ड्रॉइंगचा कागद मोठा आणि दणकट, मागची बाजू कोरी. चाची त्याचे फर्मे कापतात, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने.

दुसऱ्या दिवशी चाचा मोटारसायकलवर पुढे आणि मी ऑटोत मागे, अशी आमची वरात त्यांच्या गल्लीत गेली. समोरच्या खोलीत शिलाई मशीन, आणि भिंतीभर खिळे. प्रत्येक खिळ्याला फर्म्यांचा जुडगा, वर उर्दूत गिऱ्हाइकाचं नाव. मी एक जुडगा उलटा केला तर ब्लाउजच्या पाठीवर आमच्या ग्रेडरचा शाफ्ट होता. त्याच्या शेजारी लाल पेन्सिल.

चाचींना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“तो क्या मैं लोगां कू मशीनां पहनाई?”

मग माझा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं आणि चहा टाकला. कागद नेऊ का, असं मी विचारल्यावर मात्र त्या एकदम कडक झाल्या. गिऱ्हाइकांची मापं आहेत, लग्नाचे कपडे अर्धे शिवून पडलेत. इथेच बघायचं, फोटो काढायचे, आणि ज्या खिळ्याचं त्याच खिळ्याला लावायचं.

“एक बी इदर का उदर नक्को करना.”

हा नियम मला ओळखीचा होता. मी चार दिवस तो काटेकोर पाळला. चाची नाव वाचून जुडगा खाली द्यायच्या, मी जमिनीवर पसरून फोटो काढायची, चाचा लाल पेन्सिल दिसली की बोट ठेवायचे. बाह्या, पाठी, पुढचे भाग. ड्रॉइंगचा नंबर असलेले कोपरे बहुतेक कापून गेले होते, त्यामुळे कुठला तुकडा कुठल्या ड्रॉइंगचा हे नुसतं बघून कळेना. तिथे नवं सॉफ्टवेअर कामी आलं. तुकड्याचा फोटो तिथेच लॅपटॉपच्या पडद्यावर खाली अंथरायचा आणि तिजोरीतलं एकेक ड्रॉइंग त्याच्यावर ठेवत जायचं. रेषेवर रेष बसली की तुकड्याचं घर सापडलं.

फोटो मोठे करून बघताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चाचांनी नुसते आकडे लिहिले नव्हते. आकड्याजवळ लहान अक्षरात ‘पट्टी तुटली’, ‘देगलूर, तूर उडते’, ‘ओल्या मालाला’ असं काहीबाही होतं. बदलाचं कारण. त्यासाठी त्यांना कुठल्या रकान्याने अडवलं नव्हतं. मी मात्र तिजोरीत फायली टाकताना त्या रकान्यात सगळीकडे ‘गरजेप्रमाणे’ एवढंच लिहून मोकळी झाले होते.

पट्ट्यांची लांबी सापडली, भोकं सापडली, डाळ बाहेर पडायच्या तोंडाचा उतार सापडला. राहिलं ते वजन. तेही सापडलं, म्हणजे त्याचा कागद सापडला. पुलीचं ड्रॉइंग होतं, वजनाच्या तुकड्यापासून एक लाल रेघ निघून बाजूला गेली होती, आणि जिथे आकडा असायला हवा तिथे ब्लाउजचा गळा होता.

“गळा लई मोठा मागितला त्या बाईनं,” चाचा हळूच म्हणाले. कापलेले गळे कुठे जातात, मी विचारलं. चाचींनी अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे आंघोळीच्या पाण्याचा बंब होता.

परत येताना ऑटोत मला रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

आता तीन दिवस उरले होते. कंप्युटर प्रत्येक भागाचं वजन आणि तोल काढून देतो, ही सोय मला माहीत होती. मी ती आधीच वापरून बघितली होती आणि तिच्या मते ड्रॉइंगमधलं वजन अगदी बरोबर होतं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा तसाच ठेवून शेडमध्ये गेले, पुढच्या दाराने. चाचा तुरीच्या पोत्यावर बसले होते. त्यांच्याकडे बघताना मला सुचलं ते इतकं साधं होतं की मला लाज वाटली. रिकामी मशीन छान चालली होती. कंप्युटरमधली मशीनही रिकामीच होती.

“चाचा, चालू असताना चाळणीवर डाळीचा थर किती असतो?”

त्यांनी दोन बोटं आडवी धरली. मग म्हणाले, माल ओला असला तर अडीच.

मी त्यांची बोटं मोजली. खरोखर टेप लावून. एका डब्यात तूर भरून काट्यावर तोलली. मग पडद्यावर चाळणीच्या वर दोन बोटं जाडीची तुरीची एक लादी काढली, तिला तुरीचं वजन दिलं, आणि पुन्हा तोल विचारला. वजनाच्या आठ मिलीमीटर जाड तुकड्यावर पाच पूर्णांक आठ मिलीमीटर वाढवा, असं उत्तर आलं. ते मी चाचांना सांगितलं नाही. मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी सापडलेल्या आकड्यांप्रमाणे पट्ट्या आणि भोकं बदलली. मग पुलीवर पातळ पट्ट्या बोल्टने एकेक चढवत गेले. प्रत्येक वेळी तूर टाकायची, मशीन चालवायची, चाचा सांगाड्याला हात लावून उभे राहायचे, नाही म्हणायचे, बंद. मी शेजारी उभी राहून प्रत्येक वेळचं लिहून घेत होते. सहाव्या वेळी त्यांनी हात लावला आणि काढला नाही. मलाही खुणेने हात ठेवायला सांगितलं. लोखंडात बारीक गुणगुण होती, हलणं नव्हतं.

“दोन सूत,” चाचा म्हणाले. “दोन सूतच हुतं. आता आठवलं.”

दोन सूत म्हणजे सहा मिलीमीटरहून किंचित जास्त. मी त्यांना ऑफिसात येता का विचारलं. ते आले, शूज दाराबाहेर काढून. मी पडद्यावरचा आकडा दाखवला आणि त्याचं सुतात काय होतं ते सांगितलं. त्यांनी वाकून आकड्यावर बोट ठेवलं.

“ह्याला कसं कळलं?”

“तुम्ही दोन बोटं सांगितली म्हणून.”

त्यांनी स्वतःची बोटं एकदा बघितली आणि खाली गेले. बाजारात सहा मिलीमीटरचा पत्रा मिळतो, तो कापून आठवर जोडला. अप्पांनी ट्रायल बघितली, मान हलवली आणि ट्रकवाल्याला फोन लावला. खांबावरचा माझा नियम मी त्याच संध्याकाळी काढला आणि दुसरा लावला. कागदावर लिहायचं, जरूर लिहायचं, लाल पेन्सिलीनेच लिहायचं. फक्त लिहिलेला कागद त्याच दिवशी वर ऑफिसात आणायचा.

सगळं काही परत मिळालं नाही. डाळीला चमक आणणाऱ्या पॉलिशरची एक प्रिंट कुठल्याच खिळ्याला सापडली नाही. त्या फायलीच्या रकान्यात मी ‘खात्री नाही’ असं लिहून ठेवलं आहे. पॉलिशरची नवी ऑर्डर येईल तेव्हा बघू. तोवर ते दोन शब्द मला बोचत राहतात आणि ते बरोबरच आहे.

मशीन बसवायला चाचा उमरीला गेले. मी नांदेडहून सकाळच्या गाडीने तिथे पोचले. शेडमध्ये गटातले पंधरा-वीस जण उभे होते, बायका वेगळ्या बाजूला तुरीच्या पोत्यांवर बसलेल्या. कुणीतरी विचारलं, ह्या कोण? चाचा म्हणाले, ह्यांनीच काढलीय मशीन. मी ‘आम्ही दोघांनी’ असं काहीतरी पुटपुटले, ते बहुधा कुणाला ऐकू गेलं नाही.

मशीन सुरू झाली. तूर पडायला लागली, थर दोन बोटांवर आला. मी सांगाड्याच्या चारही पायांकडे बघत होते, नटांकडे. गंगाधरराव मशीनला एक चक्कर मारून आले. खाली वाकून बाहेर पडणारी डाळ ओंजळीत घेतली, बघितली.

“आवाजच न्हाई करायली,” ते म्हणाले. मग बायकांकडे वळून, “पोती सोडा आता.”

एवढंच. पण शेडमधली सगळी माणसं एकदम हलली, पोती ओढायचा आवाज सुरू झाला, आणि मी भिंतीशी एका रिकाम्या पोत्यावर बसूनच घेतलं. चाचा चहाचे दोन कप घेऊन शेजारी येऊन बसले. ग्रेडरची फाइल अजून माझ्याच नावावर बाहेर होती. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, ती परत ठेवायला घेतली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, तूर टाकल्यावर मशीन हलत होती, रशीदचाचांनी वजन दोन सूत वाढवलं. चाचा वाकून बघत होते.

“माझं नाव घातलं का त्यात?”

“हो.”

“पुसता येतं का त्ये?”

“नाही चाचा. कुणालाच नाही. अप्पांनाही नाही.”

त्यांनी चहाचा घोट घेतला, समोर चालणाऱ्या मशीनकडे बघितलं.

“मग त्या पॉलिशरचं बी बघू, बेटा,” म्हणाले. “सोमवारी.”